पाय हलायच्या आधी पोट जागं झालं पाहिजे: कोअर आणि पायांचं गणित, अगदी पहिल्या पायरीपासून

वाचायच्या आधी एक मिनिट द्या. जमिनीवर उताणे झोपा, गुडघे वाकवून पावलं जमिनीवर टेकवा, आणि कंबरेच्या पुढे दोन्ही बाजूंना जी टोकदार हाडं हाताला लागतात ना, तिथून दोन बोटं आत आणि किंचित खाली आपली बोटं रुतवून ठेवा. आता एक पाऊल फक्त इंचभर उचला, एकदम सावकाश. पाऊल सुटायच्या अगदी आधी बोटांखाली काहीतरी ताठ झालं का? झालं असेल तर मस्त, वायरिंग जागेवर आहे. आणि तसं काही न होता पोट टम्म फुगून बोटं वर ढकलली गेली, किंवा कंबर जमिनीवरून सुटली, किंवा अख्खी कंबर त्या बाजूला कलंडली, तर पुढचं सगळं तुमच्याचसाठी लिहिलंय असं समजा.

हे जे बोटांखाली लागतं ते १९९७ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीच्या पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी नीट मोजलं होतं. उभ्या माणसाला पाय झटकन पुढे, बाजूला किंवा मागे हलवायला सांगायचं आणि पोटाच्या स्नायूंत बारीक तारेचे इलेक्ट्रोड घालून कोण कधी कामाला लागतं ते बघायचं. दिसलं असं की पाय हलवणारा स्नायू सुरू व्हायच्या आधीच पोटाचा सगळ्यात आतला थर, ट्रान्सव्हर्स ॲबडॉमिनिस, आकसलेला असतो, आणि पाय कुठल्या दिशेला जाणार आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. कंबरदुखीवाल्या लोकांमध्ये मात्र हा इशारा उशिरा येतो हेही त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासांत दिसलं.

आता गंमत बघा, या अभ्यासातून लोकांनी पुढे काढलेला अर्थ जरा विचित्रच होता. बेंबी आत ओढा, मणक्याला चिकटवा, दिवसभर ओढूनच ठेवा. जिममध्ये अजूनही हे ऐकू येतं. कॅनडातल्या वॉटरलू युनिव्हर्सिटीचे स्टुअर्ट मॅकगिल यांचं म्हणणं वेगळं, की पोट आत ओढून मणक्याभोवतीचा आधार उलट अरुंद होतो, त्यापेक्षा पोट, कुशी आणि पाठ चहूबाजूंनी थोडं थोडं ताठ करा, म्हणजे ब्रेसिंग. मी ब्रेसिंगवाल्यांच्या बाजूचा आहे, पण खरं सांगू का, पळणाऱ्या-खेळणाऱ्या माणसासाठी कुठला स्नायू किती टक्के हा वाद दुय्यम आहे. प्रश्न एवढाच, की पाय हलतो तेव्हा पेल्विस, म्हणजे कंबरेचं हाडांचं कडं, जागेवर राहतं की पायाबरोबर फरफटत जातं.

सगळं अडतं ते पेल्विसपाशी

जात्याचा खुंटा आठवा. खुंटा घट्ट असेल तर जातं कितीही जोरात फिरवा, ढिला असेल तर जोर लावाल तेवढं हेलकावेच खाणार. पायाचे मोठे स्नायू जवळजवळ सगळे पेल्विसला नाहीतर थेट मणक्याला बांधलेले आहेत. गुडघा वर उचलणारा सोअस घ्या, तो कंबरेच्या मणक्यांपासून निघतो आणि मांडीच्या हाडाला आतून चिकटतो. तो आकसला की दोन टोकं एकमेकांकडे येणार, म्हणजे मांडी वर येऊ शकते किंवा मणका पुढे ओढला जाऊ शकतो. कोण हलणार हे सोअस ठरवत नाही, ज्या टोकाला कोणी धरलेलं नाही ते हलतं! पोटाने वरचं टोक धरलं नाही तर गुडघा अर्धवट वर येतो आणि कंबरेत बाक पडतो. कंबर भरून येते म्हणणारे कितीतरी रनर्स प्रत्यक्षात प्रत्येक पावलाला हा बाक देत असतात.

मागच्या बाजूला हॅमस्ट्रिंगचं, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूचं, तसंच. ते बसताना टेकतं त्या हाडापासून निघतं आणि गुडघ्याखाली जाऊन चिकटतं. पेल्विस म्हणजे पाण्याने भरलेलं घमेलं समजा, ते पुढे कलून पाणी पुढून सांडायला लागलं की मागचं ते हाड वर जातं, म्हणजे हॅमस्ट्रिंग काही न करताच ताणलेलं. आता त्याच अवस्थेत स्प्रिंट मारा, पाय पुढे फेका, आधीच ताणलेला स्नायू अजून ताणला जाणार.

माझं हेच झालं होतं. मी ४०० मीटर पळायचो, एका सीझनमध्ये डाव्या पायाचं हॅमस्ट्रिंग तीनदा ओढलं गेलं, आणि दर वेळी मला एकच सल्ला मिळायचा की स्ट्रेचिंग कमी पडतंय. मी पण गुणी बाळासारखा रोज वीस-वीस मिनिटं पाय ओढत बसायचो. शेवटी एका फिजिओने काय केलं, माझ्या शॉर्ट्सच्या पट्ट्यावर बाजूला पांढरी चिकटपट्टी आडवी लावली आणि बाजूने मोबाईलवर पळतानाचा व्हिडिओ घेतला. स्लो मोशनमध्ये लावून दाखवला तर पहिल्या शंभर मीटरला पट्टी बऱ्यापैकी आडवी, आणि तीनशेच्या पुढे ती पुढून अशी खाली कललेली की बघून मलाच लाज वाटली. जो स्नायू आधीच ताणून बसलाय त्यालाच मी रोज अजून ताणत होतो. हॅमस्ट्रिंगची प्रत्येक दुखापत अशीच होते असं अजिबात नाही, पण पट्टी लावून बघायला काय जातंय.

आणि वेळ किती मिळतो? जवळपास शून्य

पळताना दर पावलाला जमीन आपल्याला शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट जोराने वर ढकलते, आणि तेही एका पायावर. अव्वल स्प्रिंटरचा पाय जमिनीवर जेमतेम ०.१ सेकंद असतो, आपल्यासारख्या जॉगिंगवाल्यांचा पाव सेकंदाच्या आसपास. एवढ्या वेळात 'चला आता पोट घट्ट करूया' असा विचार करून कोणी घट्ट करू शकत नाही, म्हणून पाय टेकायच्या आधीच तयारी झालेली लागते. म्हणूनच सगळा सराव आधी झोपून हळू, मग उभं राहून, मग वेगात, असा चढवत न्यायचा. आणि प्रत्यक्ष रेसमध्ये पोटाचा विचार करायचा नाही! तिथे विचार केलात की हमखास श्वास अडकतो.

अजून एक गोष्ट, पाय कधी एकटा हलत नाही. उजवा पाय पुढे येतो तेव्हा डावा हात पुढे येतो, म्हणजे धड मधल्या मध्ये पिळलं जातं, आणि हा पीळ कुशीतले तिरके स्नायू सांभाळतात. मागच्या बाजूला एका बाजूचा पाठीचा मोठा स्नायू, लॅट, आणि विरुद्ध बाजूचा ग्लूट, म्हणजे नितंबाचा मोठा स्नायू, हे कंबरेवरच्या जाड पांढऱ्या पडद्यातून तिरके जोडलेले आहेत. हात नुसते लोंबकळत ठेवून पळून बघा, पाय लगेच जड वाटतात ते यामुळेच.

बाजूची गोष्ट राहिलीच. एका पायावर उभं असताना दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडू न देणं हे मुख्यतः उभ्या पायाच्या ग्लूटियस मीडियसचं, म्हणजे खुब्याच्या बाजूच्या स्नायूचं काम. ती पडली तर त्याला ट्रेंडलेनबर्ग म्हणतात, ज्या जर्मन सर्जनने १८९५ साली हे लिहून ठेवलं त्याच्या नावावरून. खेळाडूंमध्ये ती धपकन पडत नाही, पळताना थोडी थोडी पडते, आणि बरोबर गुडघाही आत झुकतो. धडाचा आणि गुडघ्याचा संबंध दाखवणारा २००७ चा येल युनिव्हर्सिटीचा अभ्यास मला फार आवडतो. २७७ कॉलेज खेळाडूंच्या धडाला एका बाजूला ओढून धरायचं आणि अचानक सोडून द्यायचं, धड किती हेलकावतं ते मोजायचं, मग तीन वर्षं वाट बघायची. ज्यांचं धड जास्त हेलकावलं त्यांच्यात पुढे गुडघ्याच्या दुखापती जास्त निघाल्या, आणि मुलींच्या बाबतीत हा संबंध जास्त ठळक होता. मोजलं धड आणि दुखावला गुडघा!

पायरी शून्य: आधी स्वतःला बघा

सरावाला लागायच्या आधी तीन गोष्टी मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि डिलीट करू नका.

पहिली, उताणे झोपून दोन्ही पाय सरळ, एक पाय गुडघा न वाकवता साधारण वीतभर उचला, मग दुसरा. कुठला पाय जास्त जड वाटतो? मग मित्राला कंबरेच्या दोन्ही बाजूंनी पेल्विस हाताने दाबून धरायला सांगा आणि परत उचला. दाबून धरल्यावर पाय एकदम हलका झाला तर समजा की पायात ताकद आहे, पकड कमी आहे.

दुसरी, साधारण २० सेंटिमीटर उंचीच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच समोर जमिनीला हलकी टेकवून परत वर यायचं, पाच वेळा. कॅमेरा समोर. शॉर्ट्सचा पट्टा आडवा राहतो का, गुडघा आत येतो का, धड एका बाजूला झुकतं का, एवढंच बघायचं. आमच्या ग्रुपमधला एक जण चार मिनिटं प्लँक (कोपर आणि पावलांवर शरीर सरळ उचलून) धरतो, गप्पा मारत धरतो, आणि या टेस्टला तिसऱ्याच रेपला, म्हणजे तिसऱ्याच वेळेला, त्याचा गुडघा आत आणि धड बाहेर. त्याला चार दिवस पटलंच नाही, कॅमेऱ्याचा अँगल चुकलाय म्हणत होता.

तिसरी, पळतानाचा व्हिडिओ, एक मागून आणि एक बाजूने, आणि दमल्यावरचा. ताजंतवानं असताना सगळेच छान पळतात.

पायरी एक: श्वास आणि ब्रेसिंग

सगळ्यात कंटाळवाणी पायरी, म्हणून सगळे गाळतात. उताणे झोपा, पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, खुबा आणि गुडघा दोन्हीकडे काटकोन. एक हात छातीवर, एक बरगड्यांच्या खालच्या कडेला. नाकाने श्वास घ्या, तो खालच्या बरगड्यांत बाजूला पसरला पाहिजे, खांदे वर जाता कामा नयेत. तोंडाने सावकाश सोडा, लांबवर फुंकर मारल्यासारखा, आणि सोडताना पुढच्या बरगड्या खाली बसतात तेव्हा पोटाच्या बाजू आपोआप जुळून येतात ते अनुभवा. आता हलकंसं खोका. खोकताना जो पट्टा चारी बाजूंनी ताठ होतो, तीच जागा. तो ताठपणा खोकला न काढता, कमाल जोराच्या पाव हिश्श्याएवढाच आणा आणि त्यावर श्वास चालू ठेवा. पाच श्वास, तीन वेळा. पहिल्या आठवड्यात एवढंच रोज केलंत तरी पुरे.

श्वासाला एवढं महत्त्व का, तर कोअर हा एक डबा आहे. वर श्वासपटल, खाली पेल्विक फ्लोअर (पेल्विसच्या तळाचे स्नायू), समोर-बाजूला पोट, मागे मल्टिफिडस (मणक्याला लागून असलेला खोल स्नायू) आणि पाठीचे स्नायू. या डब्यातला दाब मणक्याला आतून आधार देतो. श्वास धरला तर दाब मिळतो हे खरं, जड वजन उचलणारे तेच करतात, पण पळताना ते परवडत नाही, त्यामुळे श्वास चालू ठेवून थोडा दाब टिकवणं हे रनरचं वेगळं कौशल्य आहे.

पायरी दोन: डेड बग, आणि टॉवेलची युक्ती

मला एकच व्यायाम निवडायला सांगितला तर मी हा निवडेन, कारण यात धड स्थिर आणि पाय हलता हे सरळसरळ शिकवलं जातं. उताणे, हात छताकडे, खुबा-गुडघा काटकोनात वर. कंबरेच्या पोकळीखाली एक पातळ टॉवेल आडवा सरकवा, टोक मित्राच्या हातात द्या. आता एक टाच हळूहळू जमिनीकडे न्या, टेकवा, परत आणा. मित्राने टॉवेल हळूच ओढत राहायचं. टॉवेल निघून आला की तुमची कंबर सुटली, तो रेप बाद. मित्र नसेल तर टोक स्वतःच्या हाताला गुंडाळा, चालतं, पण मित्र जास्त निर्दय असतो.

टाच टेकवणं जमलं की पाय सरळ लांब करत न्यायचा, जमिनीपासून थोडा वर ठेवून. तेही जमलं की विरुद्ध हात डोक्यामागे. प्रत्येक रेपला पाय लांब जाताना श्वास सोडायचा, चार आकडे मोजत. दर बाजूला ६ रेप्स, ३ सेट, बस. कोणी पन्नास करतो म्हणाला तर तो भराभरा करतोय असं समजा.

पाय किती खाली न्यायचा? कंबर सुटते तिथपर्यंत नाही, त्याच्या दोन बोटं आधी थांबायचं. ही रेघ दर आठवड्याला खाली सरकते आणि तीच तुमची प्रगती.

पायरी तीन: बर्ड डॉग, साइड प्लँक आणि जांघेचा मामला

बर्ड डॉग सगळ्यांना माहीत आहे, हात-गुडघ्यांवर येऊन विरुद्ध हात आणि पाय लांब. बहुतेक जण पाय जास्तीत जास्त वर न्यायच्या नादात कंबरेत बाक देतात. कंबरेवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवा, आतलं पाणी डुचमळलं तरी कळतं. पाय वर उचलण्यापेक्षा टाच मागच्या भिंतीकडे ढकलतोय असं धरा. १० सेकंद धरायचं, सोडायचं, परत. मॅकगिल यांची पद्धत अशी की दीर्घ काळ धरण्यापेक्षा १० सेकंदांचे छोटे होल्ड घ्यायचे आणि दर सेटला रेप्स कमी करत जायचे, म्हणजे ६, मग ४, मग २. दमून फॉर्म बिघडलेले रेप्स मेंदूत बिघडलेलेच छापले जातात, त्यामुळे मला ही पद्धत पटते.

साइड प्लँक, म्हणजे कुशीवर होऊन एका कोपरावर शरीर सरळ उचलून धरायचं, आधी गुडघ्यावर, मग पावलांवर, मग वरचा पाय पुढे-मागे पळल्यासारखा हलवत. शेवटचा प्रकार खरा कामाचा, कारण तिथे परत तेच, धड थांबलंय आणि पाय चालतोय.

फुटबॉल, हॉकी, किंवा झटकन दिशा बदलायचा कुठलाही खेळ असेल तर कोपनहेगन हा व्यायाम सोडू नका. साइड प्लँकसारखंच कुशीवर, वरचा पाय बाकावर, खालचा मोकळा, आणि मांडीच्या आतल्या स्नायूंनी शरीर वर उचलायचं. पोटाचे तिरके स्नायू आणि विरुद्ध मांडीचे आतले स्नायू जोडीने काम करतात, किक मारताना तर फारच. नॉर्वेतल्या सेमी-प्रोफेशनल फुटबॉल संघांवरच्या २०१९ च्या अभ्यासात हाच व्यायाम नियमित करणाऱ्यांमध्ये जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी निघाला. पण सुरुवात बाकावर गुडघा ठेवूनच करा, घोटा ठेवून नाही, आणि पहिल्या दिवशी दर बाजूला ५ च्या वर जाऊ नका. मी गेलो होतो, दुसऱ्या दिवशी जिना आडवा होऊन उतरलो.

पायरी चार: ब्रिज

थोडक्यात सांगतो. उताणे, गुडघे वाकलेले, कंबर वर. वर गेल्यावर खांदे ते गुडघे सरळ रेघ, बरगड्या फुगलेल्या नकोत. मग वरच थांबून एक पाऊल उचला, ठेवा, दुसरं उचला, पेल्विसवर पाण्याचा ग्लास आहे असं समजून. हॅमस्ट्रिंगला गोळा येत असेल तर ग्लूट झोपलंय आणि हॅमस्ट्रिंग एकटं राबतंय असं बहुतेक वेळा असतं, टाचा थोड्या जवळ घ्या आणि वर जायच्या आधी श्वास पूर्ण सोडा. नुसता श्वास सोडल्यानेही बऱ्याच जणांचा गोळा थांबतो.

पायरी पाच: आता उभे राहा

इथे खूप जण अडकतात. जमिनीवरचे व्यायाम वर्षभर करतात, भारी करतात, आणि पळताना परत तेच घमेलं पुढे सांडतंय. कारण उभं राहिल्यावर जमीन पाठीला आधार देत नाही, हा वेगळाच पेपर आहे.

भिंतीकडे तोंड करून दोन्ही हात टेकवा, शरीर तिरकं, डोकं ते टाच एक रेघ. एक गुडघा वर आणून ३ सेकंद थांबा. पट्टा आडवा, उभ्या पायाचं ग्लूट घट्ट, बरगड्या खाली. मग पाय बदला, आधी सावकाश, मग झटकन एक, मग झटपट तीन. नंतर पॅलोफ प्रेस. रबर बँड बाजूला छातीच्या उंचीला बांधा, दोन्ही हातांनी छातीसमोर धरा आणि समोर लांब करा, बँड तुम्हाला पिळायला बघतो आणि तुम्ही पिळू द्यायचं नाही. हे जमलं की त्याच स्थितीत जागच्या जागी गुडघे उचलत चाला. हलवून खुंटा बळकट करणं म्हणतात ते शब्दशः हेच, बँड हलवायला बघणार आणि त्यातूनच पकड पक्की होणार.

आणि पायरीवरचा तोच स्टेप-डाऊन, टेस्टवाला, आता व्यायाम म्हणून. दर पायाला ८, आरशासमोर, खाली जाताना ३ सेकंद. समोर बघायचं, गुडघ्याकडे बघत राहिलात की धड झुकतंच.

पायरी सहा: वेग

ए-मार्च, ए-स्किप (तेच, पण लंगडीसारखी छोटी उडी घेत), मग २० मीटरचे हलके स्प्रिंट. ए-मार्चमध्ये गुडघा कंबरेएवढा वर, विरुद्ध हात पुढे, उभ्या पायाची टाच किंचित उचललेली. इथे पोटाबद्दल एकच सूचना स्वतःला द्यायची, 'उंच राहा'. डोक्याचा शेंडा कोणीतरी वर धरलाय असं. घट्ट करा, ओढा, दाबा यातलं काहीही नाही. वेगात शरीराला एकच शब्द कळतो, दोन दिले की गोंधळ.

सोबत उड्या. दोन पायांवर उडी मारून दोन पायांवर उतरा, मग एका पायावर उतरून २ सेकंद पुतळा. उतरल्याचा आवाज ऐका, धप्प आला तर शरीर जमिनीला भेटायला तयार नव्हतं. दर पायाला ५ पुरे, रोज नको, आठवड्यातून दोनदा.

आठवड्यात कुठे बसवायचं

पहिले दोन आठवडे पायरी एक आणि दोन, रोज १० मिनिटं. तिसऱ्यापासून तीन आणि चार, आठवड्यातून तीनदा. पाचव्यापासून उभं राहायचं, सातव्याच्या आसपास वेग. ही अंदाजे गणितं आहेत, डेड बगला टॉवेल निघतोय तर कॅलेंडर काहीही म्हणो, तिथेच थांबा. पळायच्या आधी फक्त हलका डोस, दोन-तीन व्यायामांचा एक-एक सेट, जागं करण्यापुरता. थकवणारं कोअर वर्कआउट स्प्रिंटच्या आधी करणं म्हणजे ज्याने पेल्विस धरायचं त्यालाच दमवून मैदानात उतरवणं.

आणि एक स्पष्ट सांगतो, यातून टायमिंग एवढं-तेवढं कमी होईल असं मी म्हणणार नाही. नुसत्या कोअर ट्रेनिंगने वेग किंवा उडी वाढते का यावरच्या अभ्यासांचे निकाल मिश्र आहेत, फायदा दिसला तरी बऱ्याचदा छोटा असतो. पायांची ताकद, पळण्याचं प्रमाण, झोप, याला पर्याय नाही. कोअरचा फायदा मला दिसला तो शेवटच्या शंभर मीटरला, दमल्यावर फॉर्म कोसळत नाही तिथे.

खेळानुसार थोडं

पोहणाऱ्यांची फ्लटर किक खुब्यातून निघते, कंबर हेलकावली की पाय खाली बुडतात आणि सगळी ताकद बुडणारे पाय वर ठेवण्यात जाते, त्यांनी डेड बगमध्येच छोट्या जलद किक घालाव्यात. सायकलवाल्यांनी सॅडलवर कंबर डावी-उजवीकडे डोलते का ते मागून बघावं, डोलत असेल तर आधी सीटची उंची तपासा, कोअरला नंतर दोष द्या. फास्ट बोलरचं प्रकरण नाजूक आहे. पुढचा पाय आदळतो त्याच क्षणी धड बाजूला झुकलेलं आणि पिळलेलं असतं, आणि त्यांच्या कंबरेच्या मणक्यातले स्ट्रेस फ्रॅक्चर बहुतेकदा बोलिंगच्या हाताच्या विरुद्ध बाजूला होतात. तरुण बोलरने कंबरदुखी अंगावर काढायची नसते, साइड प्लँक वाढवून तर अजिबातच नाही.

चुका, ज्या मी स्वतः केल्या किंवा रोज बघतो

सगळ्यात मोठी म्हणजे अति घट्ट करणं. दिवसभर पोट ताठ ठेवून चालणारी माणसं असतात, त्यांचे खुबे आखडतात, श्वास वर छातीत अडकतो आणि पावलं लाकडासारखी पडतात. चालायला, जॉगिंगला अगदी थोडा ताठपणा लागतो, उडीवरून उतरताना जास्त. गरजेपुरतं घट्ट आणि लगेच सैल हे जमणं म्हणजे खरं कोअर, आणि सैल होण्याचा सराव कोणी करतच नाही. साधं काम करा, प्रत्येक रेपनंतर एक पूर्ण श्वास सोडून पोट मऊ करा, मग पुढचा रेप.

दुसरी, छाती बाहेर काढून बरगड्या उघड्या ठेवणं. 'ताठ उभे राहा' म्हटलं की लोक हेच करतात आणि कंबरेत बाक येतो. तिसरी, क्रंचेसवर प्रेम. क्रंचेसने पोटाचा वरचा थर वाढतो, त्यात वाईट काही नाही, पण त्यात पाय हलतच नाहीत, मग पायांशी समन्वय शिकणार कुठून? चौथी, दोन्ही बाजूंना सारखंच करणं. टेस्टमध्ये डावी बाजू कच्ची निघाली असेल तर डावीकडून सुरुवात करा आणि तिला एक सेट जास्त द्या.

कंबरेतली कळ गुडघ्याखाली उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, पाऊल उचलताना लोंबत असेल, खोकताना जांघेत फुगवटा येत असेल, तर डेड बग बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. लघवी-शौचावरचा ताबा गेल्यासारखं किंवा मांड्यांच्या मध्ये बधिर वाटत असेल तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी. बाळंतपणानंतर पळायला परत सुरुवात करणाऱ्यांनी आधी पेल्विक फ्लोअर बघणाऱ्या फिजिओला भेटावं, उडी मारताना थेंब गळणं ही कॉमन तक्रार आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्यावर उपचार आहेत.

आठ आठवड्यांनी तेच तीन व्हिडिओ परत काढा. तीच पायरी, तीच शॉर्ट्स, कॅमेरा त्याच उंचीला, आणि पळतानाचा परत दमल्यावरचाच. माझ्या दुसऱ्या व्हिडिओत पट्टी तीनशे मीटरला सरळ होती, तीनशे चाळीसच्या पुढे परत कलली.